सापडलं

ऑपरेशन थिएटरचं दार ढकलून धाकटा डॉक्टर जवळजवळ नाचतच बाहेर आला.

"काका, सापडलं!"

नवरा बाकावर बसलेलाच होता, तरी तो पुन्हा एकदा बसला. या शब्दाने त्याच्या घराचा भुगा केला होता. आधी बायकोला अंघोळ करताना गाठ सापडली. मग सुईच्या तपासणीत सापडू नये ते सापडलं. आज स्तन जाणार, हे दोघांनी कसंबसं गिळलं होतं. प्रश्न उरला होता काखेचा. रोग काखेत सगळ्यांनाच असतात त्या लसिका गाठींपर्यंत पोचला असेल तर पुढचं सगळंच अवघड. आत जाताना तिने बजावलं होतं, "काखेचं काय ते मला खरं सांगायचं. आणि तोंड पाडून उभं राहायचं नाही."

तोंड पडलंच. उचलून धरायला अंगात त्राण नव्हतं.

"काखेत?" त्याने विचारलं.

"काखेतच! तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, हसताय काय?" शेजारी बसलेली मेहुणी उसळली.

"मावशी, इतकं सुंदर मी पुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं. भूल देणारे सर उठून आले बघायला. फोटो काढले आम्ही."

बायकोचं एवढं कौतुक लग्नातही झालं नव्हतं, असं नवऱ्याच्या उगाचच मनात आलं.

"काढलं ना पण ते?" त्याने विचारलं.

"छे! राहू दिलं. बिचाऱ्याचा कुणाला त्रास?"

मेहुणीने पर्स उगारली. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरबाई आल्या. कपाळावर टोपीचा वळ, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनीही बाकावर अंग टाकलं.

"तुमच्या मिसेसच्या काखेत एक जास्तीचा स्नायू आहे. आडव्या पट्टीसारखा, जन्मापासूनचा. फार थोड्या जणांना असतो. त्याच्या आड गाठी लपतात, म्हणून आम्हाला वेळ लागला."

"म्हणजे सापडला तो... स्नायू?"

"मग काय वाटलं तुम्हाला?" धाकट्याने निरागसपणे विचारलं.

"आणि गाठी?" नवऱ्याने डॉक्टरबाईंना विचारलं.

डॉक्टरबाईंनी मान वळवून धाकट्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गाठी तपासल्या, सगळ्या साफ आहेत," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायला मी याला बाहेर पाठवलं होतं."