चाळीसच्या पिस्तुलात नऊची गोळी

"एका टेबलावर एकच पिस्तूल आणि एकाच मापाच्या गोळ्या. एवढं पाळलं असतं तर निम्मा इतिहास घडलाच नसता," ऑर्व्हिल स्टेनमार्क म्हणाला.

त्याच्या टेबलावर दोन मापांच्या गोळ्यांचा ढीग होता आणि मधोमध काकडीच्या लोणच्याची बरणी.

"ढीग मी केलाय. परीक्षा आहे ना," लेक ग्रेटा म्हणाली. बिलिंग्जहून तीन तास गाडी चालवत ती आली होती. गावच्या नेमबाजी क्लबात ऑर्व्हिल चौतीस वर्षं लोकांच्या गोळ्या तपासायचा. गेल्या शनिवारी त्याच्याच पिस्तुलात भलती गोळी निघाली, आणि क्लबाने लेकीला फोन केला.

"खिशात उरलेल्या गोळ्या चुकीच्या डब्यात गेल्या असतील. सगळेच टाकतात."

"आणि तुम्ही सगळ्यांवर ओरडता, बाबा. आज एक जरी चुकली तरी पिस्तूल माझ्याबरोबर येणार. ठरलंय."

"आईसमोर बोलली असतीस असं?"

"आईने पिस्तूल केव्हाच उचलून नेलं असतं."

मार्चमध्ये आई गेली, तेव्हापासून या घरात तिचं नाव जपूनच निघायचं. ऑर्व्हिलने आईच्या हातच्या लोणच्याची बरणी बाजूला सरकवली आणि पहिली गोळी उचलली.

पिस्तूल चाळीसचं, म्हणजे पॉइंट चाळीस इंचाच्या गोळीचं. नऊची, म्हणजे नऊ मिलिमीटरची गोळी त्याहून जराशी बारीक. मॅगझिनमध्ये मुकाट जाते आणि उडवताना हातात फुटू शकते. ऑर्व्हिल एकेक गोळी उलटी करून बुडावरचा आकडा वाचत होता, मग भरत होता. तीन. पाच. सात. ग्रेटाचा जीव भांड्यात पडत गेला. तिलाही ते न्यायचं नव्हतं. म्हाताऱ्याचा विरंगुळा तेवढाच उरला होता.

आठवी गोळी त्याने जरा जास्तच वेळ बघितली.

"पुन्हा बघा," ती हळूच म्हणाली.

"बघितली." त्याने ती भरली.

ग्रेटाने अंगठ्याने ती बाहेर काढली. नऊची.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," ती घाईने म्हणाली. "नवा करू. पुढच्या महिन्यात परत परीक्षा घेते. तोवर राहू दे इथेच."

"ठरलंय ते ठरलंय." ऑर्व्हिलने पिस्तूल पेटीत ठेवलं आणि पेटी तिच्याकडे सरकवली. "आकडा दिसला होता मला, पोरी. शनिवारीही."

"मग मुद्दाम का भरलीत?"

त्याने बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"दुसरं पिस्तूल माझ्या पलंगाखाली आहे. त्यात गोळी बरोबर भरलीय. रात्री हात तिकडे जातो. जाताना तेवढं तेही नेशील?"