हरकती आणि सूचना

ओटी भरून झाली, तरी शिवप्रियाच्या मांडीवरचा लॅपटॉप काही उतरेना. अंगावर हिरवी साडी, गळ्यात फुलांचा हार आणि समोर आरोग्य हक्क विधेयकाचा मसुदा. असलं डोहाळजेवण तिच्या माहेरानं, जळकोटनं, पाहिलं नव्हतं. पण पोरीची नोकरीच तशी. पुण्यातल्या एका संस्थेत बसून राज्यात आरोग्याचे कोणते कायदे येतायत, त्यांत काय बदलतंय, यावर डोळा ठेवायचा. मसुद्यावर हरकती पाठवायची आज शेवटची मुदत होती.

सासूबाई, महानंदाबाई, पुण्याहून मुद्दाम आल्या होत्या आणि सकाळपासून त्यांचा एकच धोशा: बाळंतपण पुण्यातच करू, तिथं मोठे दवाखाने आहेत. शिवप्रियाला आईजवळ राहायचं होतं. लई मनात होतं तिच्या, पण सासूपुढं बोलायची छाती होत नव्हती. शेवटी आईनंच, शरणम्मानं, विहिणीची समजूत घातली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं, आणि कळा सुरू झाल्या तर एका फोनवर सरकारी गाडी दारात येते, काळजीचं काय कारण न्हाय.

गाडीचं ऐकलं आणि शिवप्रियाचा हात लॅपटॉपवर गेला. तिनं मसुद्यातलं आठवं कलम पुन्हा काढलं. गरोदर बाईचं नाव ज्या केंद्रात नोंदलंय, गाडी आणि मोफत उपचार त्याच केंद्रातून मिळणार. तिचं नाव पुण्यात होतं. म्हणजे हा कायदा असाच झाला, तर इथं गाडी येणारच नव्हती. आणि संस्थेच्या टिपणात या कलमापुढं 'हरकत नाही' असं लिहिलं होतं ते तिनंच. माहेरी निघायची बॅग भरता भरता लिहिलं होतं. आता काय म्हणावं या पोरीला!

जमलेल्या बायकांना तिनं ते कलम सोप्या भाषेत सांगितलं. महानंदाबाईंच्या हाती आयतंच कोलीत मिळालं.

"घ्या. आता कायदाच म्हणतोय, पुण्याला चला."

शिवप्रियाचं तोंड एवढंसं झालं. शेजारच्या शिवलीला काकूंना मात्र ते सोसवलं नाही. हातातलं ताट त्यांनी खालीच ठेवलं.

"कायदा लिहिणारे काय आभाळातनं पडले का? त्यांच्या आया गेल्याच असतील की माहेरी."

शिवप्रियानं लगेच संस्थेतल्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, संस्थेचं पत्र जाईलच, पण बायकांनी आपापल्या नावानं लिहिलं तर त्याला वजन येईल. मग काय, गाणी राहिली बाजूला आणि कमरेचे, पिशवीतले फोन बाहेर निघाले. नाव कुठंही नोंदलेलं असो, बाई असेल तिथं सोय मिळावी, असं शिवप्रिया सांगत गेली, लिहिता येणाऱ्या पोरी लिहीत गेल्या. नावाखाली पत्ता लागतो म्हटल्यावर काकूंनी विचारलं, पत्ता सासरचाच द्यायचा ना?

"सासरचा द्याच," शिवप्रिया म्हणाली. "आणि पहिलं बाळंतपण झालं, तिथलाबी."

मग एकेक गाव यायला लागलं. अणदूर, मुरूम, लोहारा, काटी. कुणी गल्ली सांगितली, कुणी घरापुढची चिंच. गाव सांगताना एकेकीचा आवाज बारीक पोरीसारखा होत होता. शरणम्मानं आपल्या गावाचं नाव दोनदा सांगितलं, एकदा पुरलं असतं तरी.

महानंदाबाई एवढा वेळ पदराशी चाळा करत बसल्या होत्या. त्या उठल्या, सुनेशेजारी येऊन टेकल्या आणि आपला फोन तिच्या हातात दिला.

"माझंबी लिही. भूम, वेशीजवळचं घर."

शिवप्रियानं त्यांच्याकडं पाहिलं. भूमच्या घराला कुलूप लागून कैक वर्षं झाली, हे तिला ठाऊक होतं.

"आई, तिथं तर आता कुणीच न्हाय."

"नसंना का. तुझ्या राजशेखरच्या वेळी माझ्या आईनं तिथंच माझा हात धरला होता. लिही तू. गाडी तिथंबी आली पाहिजे."