आजीच्या मुक्याचे जंतू

सरकारी सिस्टर तपासणीला येणार म्हणून कुमुदिनीबाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा फरशी फिनेलने पुसून काढली. घरी कोणी येणार म्हटलं की त्यांना राहवतच नसे.

"अहो आई, घरात पुरेसे जंतू आहेत का, हेच बघायला येतेय ती!" सून गौतमी वैतागून म्हणाली. "बाळाच्या पोटात ते कमी निघाले तर पुढे दम्याचा धोका. मग जंतू मिळावेत म्हणून तीन आठवडे त्याला सरकारी गोठ्यात ठेवतात."

"माझा नातू म्हशींत?" कुमुदिनीबाई कडाडल्या खऱ्या, पण हातातलं फडकं त्यांनी पुन्हा फिनेलमध्ये बुडवलं नाही. गेले शंभर दिवस बाळाचा मुका घ्यायची घरात कोणालाही परवानगी नव्हती. नियम त्यांचाच होता.

सिस्टरने येताच फरशीवर यंत्र टेकवलं. शून्य. गौतमीने डोळे मिटून घेतले. मग सिस्टरने बाळाचा भरलेला लंगोट यंत्रात घातला, आणि यंत्राने चक्क शीळ घातली.

"उत्तम! हवे ते चारही जंतू भरपूर आहेत. दम्याची काळजी नको." सिस्टर यंत्रातून आलेला कागद वाचू लागली. "कुठून आले, तेही दिलंय. आजींच्या मुक्यांतून."

गौतमीने सासूकडे पाहिलं. कुमुदिनीबाई कोरडंच फडकं पिळत होत्या.

"आणि आजींकडे आले कोपऱ्यावरच्या पाणीपुरीच्या गाडीवरून. रोजच्या रोज."

कुमुदिनीबाईंनी पदर सावरला.

"नातवासाठीच खात होते हो मी," त्या म्हणाल्या.