दुसरी भेग

ब्लांकाने होडी गवतावर पालथी घातली आणि गुन्हेगारासारखी बाजूला उभी राहिली. फायबरग्लासच्या जुन्या पोटाला तळहाताएवढी भेग पडली होती.

शेजारचा हिनेक गुडघे टेकून बसला. ही होडी त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून गॅरेजमध्ये बनवली होती. बायको गेल्यापासून त्याने ती कुणाला दिली नव्हती. होडीवर साधा ओरखडा उठला तरी तो दिवसभर कुणाशी बोलत नाही, असं सझावा नदीकाठी सगळे म्हणत. ब्लांकाला मात्र त्याने पहिल्याच मागणीला होडी दिली होती.

"बंधाऱ्याखालचा दगड," ती म्हणाली. "दिसला होता मला. पण जन्मभर ट्राम चालवली हो मी. वळायचं काम रूळच करायचे."

आता हा तोंड सोडणार, असं तिला वाटलं. हिनेकच्या मिशा थरथरल्या. तो हसत होता.

"मग दुरुस्तीही तुम्हीच करा," तो म्हणाला. "मी नुसत्या चुका काढतो."

आणि त्याने त्या मनापासून काढल्या. तिने भेगेभोवतीचा रंग घासला, तर म्हणाला, आणखी घासा, आतलं कापड दिसू दे. तिने काचेच्या कापडाचं ठिगळ चौकोनी कापलं, तर म्हणाला, कोपरे गोल करा, नाहीतर उचकटतील. राळेत घट्ट करायचं औषध मिसळल्यावर तर त्याने तिला शिंकूही दिलं नाही. "लवकर, लवकर. ही काही तुमची ट्राम नाही, थांब्यावर थांबायला."

ठिगळाखालचा शेवटचा बुडबुडा ब्रशने दाबून काढताना ब्लांकाच्या लक्षात आलं, की घरी परतायची आपल्याला मुळीच घाई नाही. पण राळ वाळली. जोड गुळगुळीत झाला. हिनेकने त्यावरून बोट फिरवलं आणि "छान" एवढंच म्हणाला. ती हात धुऊन घरी गेली.

पुढचा आठवडा तिला फार मोठा गेला. कुंपणापलीकडे जायला निमित्तच उरलं नव्हतं.

रविवारी ती खसखशीच्या बुख्त्यांसाठी, त्या गोड भरल्या पावांसाठी, कणीक मळत होती, तेव्हा हिनेक खिडकीशी आला. नजर जमिनीवर.

"पुन्हा भेग पडली आहे. तुम्हाला वेळ असेल तर..."

आपला जोड सुटला म्हणायचा. ती पिठाच्या हातांनीच धावली.

जोड ठणठणीत होता. नवी भेग त्याच्या हातभर पलीकडे होती. कडा बाहेरच्या बाजूला उचकटलेल्या. होडी दोन लाकडी टेकूंवर पालथी होती आणि तिच्या टोकापासून टेकूपर्यंत कोळ्याने ऐसपैस जाळं विणलेलं होतं. होडीने आठवडाभर पाणी पाहिलं नव्हतं.

ब्लांका वाकली, तिने आतून पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"हिनेक, या खेपेला दगड होडीत बसून आला होता का?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"हातोडी," तो म्हणाला. "काल संध्याकाळी. दुसरं काही सुचेना."

ब्लांका इतकी हसली की तिला होडीचाच आधार घ्यावा लागला. मग तिने डोळे पुसले, बाह्या सावरल्या आणि सँडपेपर उचलला.

"वेडा आहेस तू," ती म्हणाली. "नुसती हाक मारली असतीस तरी आले असते."