सुट्टीवरचा सिंह

रेव्हरंड उजागरेंचा सिंह संगमनेरच्या मंडळीत कुत्र्याएवढा होता. राहुरीत तो वासराएवढा झाला आणि शेवगावला पोचेपर्यंत त्याने अख्खी जीप गिळायला जबडा उघडला होता. आफ्रिकेतल्या मलावीहून सुट्टीवर आलेल्या मिशनरी कुटुंबाने चर्चमागून चर्च साक्ष देत फिरायचं, हा रिवाजच. आणि लोकांना सिंहच हवा असायचा.

शेवगावच्या चर्चमध्ये व्यासपीठाशेजारी रेव्हरंडांच्या पत्नी केझियाबाई डुलक्या आवरत बसल्या होत्या. मलावीत त्यांनी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी वाहिलं होतं, हिवतापातून उठून आल्यागेल्याला रांधून घातलं होतं. पुढच्या महिन्यात परतायचं होतं. त्यांना परतायचंय का, हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

"दार उघडतो तर काय, समोर..." रेव्हरंडांचा आवाज चढला, तशा केझियाबाई दचकून उभ्या राहिल्या. "आले हं, चहा टाकते!"

सगळं चर्च खो खो हसलं. रेव्हरंड हसले नाहीत.

"सिंह नव्हता हो," ते म्हणाले. "दारात रोज माणसं असायची, आणि त्यांच्यासाठी उठायची ती ही." मग बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "परत जायचं का गं? तू म्हणशील तसं."

"अगं बाई, म्हणजे सिंह नाहीच?" पहिल्या बाकावरच्या आजी हिरमुसल्या.

"सांगते," केझियाबाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "पण आधी मला झोपू द्या."

दुपारी प्रीतिभोजनाच्या पंगती बसल्या, उठल्या, भांडी खणखणली. चर्चच्या पाळकांच्या घरी, आतल्या खोलीत झोपलेल्या बाईला कुणीही हाक मारली नाही.