जवळचा रस्ता

पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ आली. झोन एकशे चार कोणत्याही रस्त्याला जोडलेला नाही. आणि मॉडेल थांबलं.

रुचिताला रडू येत होतं, पण भर ऑफिसात रडायची सोय नव्हती. संध्याकाळी अहवाल जायचा होता. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांचा वाहतूक आराखडा. कुठे रस्ता होणार, कुठे पूल होणार, ते त्यावरून ठरायचं होतं. छोट्या पुलांची कामं तर दिवाळीनंतर लगेच निघणार होती. एवढा मोठा आराखडा अडला होता एका वाडीपाशी, आणि ती वाडी रुचिताची होती.

आराखड्यासाठी आधी नकाशाचे तुकडे पाडतात. एक तुकडा म्हणजे एक झोन. कुठल्या झोनमधून कुठल्या झोनमध्ये किती माणसं जातात, ते कॉम्प्युटर मांडतो; या मांडणीलाच मॉडेल म्हणतात. झोनच्या आतल्या आत कोण कुठे गेलं, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं. पहिल्या नकाशात कडाव आणि नदीपल्याडची बेलाची वाडी एकाच झोनमध्ये होती. म्हणजे वाडीची माणसं नदी उतरून कडावला दूध घालायला गेली काय, शाळेत गेली काय आणि वाहून गेली काय, मांडणीत सगळं शून्य.

वाडीचा साकव, नदीवरचा छोटा पायपूल, वाहून गेल्याला दोन पावसाळे झाले होते. रुचिताच्या वडिलांना, पोपटआप्पांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कर्जतला न्यावं लागे. चौघं जण त्यांना खुर्चीत बसवून कमरेएवढ्या पाण्यातून पार करत. पाणी चढलं की खेप चुके. खेप चुकली की आप्पांचं अंग सुजे, आडवं होता येत नसे, आणि तिचा भाऊ कमलेश रात्री-अपरात्री फोन करी. येता पावसाळा कसाबसा निघेल, त्याच्या पुढचा नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

म्हणून तिने नदीच्या कडेने नवी सीमा ओढून वाडीचा वेगळा झोन केला होता, एकशे चार नंबरचा. त्यासाठी ती जितेश सरांशी भांडली होती. टीम त्यांच्या हाताखाली होती. "एवढ्याशा वाडीचा झोन कोण करतं?" असं ते म्हणाले होते. पण तिचं तोंड बघून, "मॉडेल चाललं तर ठेव," असंही म्हणाले होते.

मॉडेल चालत नव्हतं.

पल्याडच्या काठाने डोंगराकडून एक कच्ची वाट होती. पार लांबून वळसा घालून ती डांबरी रस्त्याला लागायची. तीही पावसात चिखलाने बंद. पण ती रस्त्यांच्या नकाशातच नव्हती, आणि ती मोजून आणायला आता वेळ कुठला? रुचिताने तरी तासभर खटपट केली. मग जितेश सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"वाडी परत कडावमध्ये टाक, नाहीतर जोडून घे," ते म्हणाले. "झोनच्या मधोमध टिंब ठेव. तिथून जवळच्या रस्त्यापर्यंत एक रेघ ओढ. सगळेच झोन असे जोडतो आपण. नवीन आहे का हे तुला?"

"जवळचा रस्ता अल्याडच्या काठावर आहे, सर. मध्ये नदी आहे."

"ते तुला माहीत आहे. मॉडेलला नाही."

वाडी परत कडावमध्ये टाकायची म्हणजे आप्पांना परत शून्यात टाकायचं. ते तिच्याने होणार नव्हतं. तिने टिंब ठेवलं. रेघ ओढली. रेघ नदीवरून सरळ पलीकडे गेली आणि कडावच्या रस्त्याला चिकटली. लाल ओळ गेली, मॉडेल भराभरा पुढे सरकू लागलं. रुचिता जिन्यात जाऊन पोटभर रडली आणि तिथूनच तिने फोन लावला.

"दादा, आपली वाडी आली नकाशात! आता पूल होईल बघ."

"आप्पांना सांगतो," कमलेश म्हणाला. "लय दिवसांनी हसतील गं."

त्यांच्या आईने, येसूबाईंनी, दुसऱ्याच दिवशी साकवाच्या जागी जाऊन नदीला नारळ वाहिला.

आषाढ सरत आला. रुचिता आता दुसऱ्याच जिल्ह्याचे तुकडे पाडत होती. दुपारी कमलेशचा फोन आला. मागे पाण्याचा एवढा आवाज होता की पहिल्यांदा तिला काहीच ऐकू येईना.

"काल तालुक्याला सभेला गेलतो," तो ओरडून बोलत होता. "यादीत आपला पूल नाय. मी इचारलं, का नाय? तर साहेबांनी कॉम्प्युटरच फिरवला माझ्याकडं. बेलाची वाडी ते कडाव, पाच मिन्टं. म्हणाले, चांगला रस्ता हाय की तुमाला. ज्यांना नाय त्यांना आधी देऊ."

मॉडेलने सगळी वाडी रुचिताने ओढलेल्या रेघेवरून चालवली होती. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, कोरड्या पायांनी.

"दादा, थांब," म्हणत तिने जुना नकाशा उघडला.

"आप्पांच्या दोन खेपा चुकल्यात, रुचे. आज नेलंच पायजे. खुर्चीत बसवून काठावर आणलंय त्यांना, चौघं बी उभे हाव." कमलेशचा आवाज फाटला. "तो रस्ता कुठनं जातो, तेवढं सांग."