अंगात आलेलं

अष्टमीची आरती संपली तरी सासूबाईंच्या टाळ्या थांबेनात. डोळे तारवटलेले, कपाळावर घाम, सगळं अंग थरथरत होतं.

"देवी आली गं अंगात!" शेजारच्या कुमुदकाकू म्हणाल्या आणि बायका भराभर पाया पडू लागल्या. सत्तरीची बाई नुसत्या पाण्यावर नवरात्र करते, वर रात्रभर जागते, याचं कोडं सगळ्यांना एकदाचं सुटलं.

सून रेवती वाकली ती तशीच थबकली. वजन उतरवायला डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरू केली तेव्हा तिलाही असंच व्हायचं. पण तिचं हृदय डॉक्टरांनी आधी तपासलं होतं. सासूबाईंचं तर आधीच अधू. तिने मनगट धरलं. नाडी सुसाट पळत होती.

"तुझ्याच डबीतली गं," सासूबाई पुटपुटल्या. "भूकच मरते म्हणालीस ना? उपास सोसावा म्हणून घेते. आज दोन घेतल्या."

"गाडी काढा! दवाखान्यात न्यायचंय!" रेवती किंचाळली.

काकूंनी तिला दंड धरून मागे ओढलं. "देवीला हात लावायचा नसतो. आपणहून जाऊ दे तिला."

टाळ्या मंदावल्या, थांबल्या. सासूबाई घटापुढे कलंडल्या.

हात जोडत काकू समाधानाने म्हणाल्या, "गेली."